मार्क ट्वेन

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातून मिसिसिपी नावाची एक विशाल नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाते. रेल्वेचे जाळे पसरण्यापूर्वी त्या देशाचा बराचसा व्यापार या नदीच्या पात्रावरून चाले. कापूस, धान्य, लाकूड आणि उतारू यांनी भरलेल्या मोठमोठ्या आगबोटी उंच धुराड्यांतून काळा धूर सोडीत ये-जा करीत असत. याच नदीच्या पश्चिम तीरावर, मिसूरी राज्यात, हॅनिबल नावाचे एक छोटेसे गाव आहे. या गावात वाढलेला एक गरीब मुलगा पुढे अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार झाला. त्याने साऱ्या जगाला हसविले. परंतु त्या हास्याबरोबरच माणुसकीचा एक कठीण धडाही शिकविला. तो मुलगा म्हणजे सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन या नावाने ओळखते.

सॅमचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसूरी राज्यातील फ्लॉरिडा नावाच्या खेड्यात झाला. त्या वर्षी आकाशात हॅलेचा धूमकेतू दिसला होता. सात भावंडांत सॅम सहावा. अपुऱ्या दिवसांचे ते मूल इतके अशक्त होते, की ते जगेल अशी आशा फारशी कोणास नव्हती. पण मूल जगले. सॅम चार वर्षांचा असताना क्लेमेन्स कुटुंब हॅनिबल येथे राहावयास आले. वडील जॉन क्लेमेन्स हे वकील होते. ते स्वभावाने कडक व सचोटीचे; पण व्यापारात त्यांना कधी यश आले नाही. आई जेन मात्र हसरी, बोलकी आणि अतिशय दयाळू होती. आईचा विनोदी स्वभाव सॅमने पुरेपूर उचलला.

हॅनिबल गाव म्हणजे मुलांना खेळण्यासाठी निर्माण केलेले नंदनवनच होते. गावाबाहेर टेकड्या होत्या, नदीच्या मध्यभागी बेट होते आणि काही अंतरावर वाट चुकविणारी एक मोठी गुहा होती. शाळा बुडवून पोहावयास जाणे, चाचेगिरीचे खेळ खेळणे, बेटावर जाऊन मासे पकडणे यांत सॅमचे दिवस जात. टॉम ब्लँकनशिप नावाचा एक मुलगा त्याचा सोबती होता. टॉमचा बाप दारुडा होता. टॉमच्या अंगावर धड कपडे नसत, पोटास वेळेवर अन्न मिळत नसे. गावातील प्रतिष्ठित लोक आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नसत. म्हणूनच की काय, सर्व मुलांना त्याची सोबत फार हवीशी वाटे. हा अनाथासारखा वाढलेला, पण मनाचा निर्मळ मुलगा सॅमच्या स्मरणात कायमचा राहिला.

या आनंदी गावावर एक काळी छाया मात्र होती. मिसूरी राज्यात त्या काळी गुलामगिरी कायदेशीर होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची मुले-नातवंडे तेथे गुराढोरांप्रमाणे विकली जात. आईपासून मूल तोडले जाई. पळून जाणाऱ्या गुलामास मदत करणे हा गुन्हा समजला जाई. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की यात काही वावगे आहे असे बहुतेकांना वाटतच नसे. धर्मोपदेशकसुद्धा व्यासपीठावरून या प्रथेचे समर्थन करीत. सॅमच्या वडिलांच्या घरीही गुलाम होते. बालपणी सॅमलाही ही रीत आकाशातील सूर्य-चंद्रांइतकी स्वाभाविक वाटे.

तथापि काही प्रसंग त्याच्या कोवळ्या मनावर खोल कोरले गेले. क्लेमेन्स कुटुंबाने सँडी नावाचा एक लहान गुलाम मुलगा भाड्याने कामास ठेवला होता. तो दूरच्या मेरीलँड राज्यातून आणलेला होता. तो दिवसभर मोठमोठ्याने गात असे, ओरडत असे, हसत असे. एके दिवशी त्या गोंगाटाला कंटाळून सॅमने आईकडे तक्रार केली. तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सॅमला समजाविले, की त्या पोरक्या मुलाला आपली आई पुन्हा कधीच दिसणार नाही. तो गातो तोवर त्याला तिची आठवण होत नसावी, तो गप्प बसला म्हणजेच आपल्याला काळजी वाटावी. त्या दिवसानंतर सँडीच्या गाण्याचा सॅमला कधी त्रास झाला नाही. उन्हाळ्यात तो आपल्या काकांच्या शेतावर राहावयास जाई. तेथे डॅनियल नावाचा एक प्रौढ गुलाम होता. रात्री शेकोटीजवळ मुलांना भोवती बसवून तो अशा काही गोष्टी सांगे, की मुले भान विसरून जात. गोष्ट कशी सांगावी, कोठे थांबावे, कोठे आवाज खाली आणावा, याचे पहिले पाठ सॅमला या निरक्षर गुरूपाशीच मिळाले.

सॅम अकरा वर्षांचा असताना, १८४७ साली, त्याचे वडील न्यूमोनियाने वारले. घरात दारिद्र्य आले. लवकरच सॅमची शाळा सुटली आणि तो एका छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. उमेदवारास पगार नसे. पोटास अन्न आणि मालकाचे जुने कपडे एवढाच मोबदला. शिशाचे खिळे एकेक करून जुळवावयाचे आणि त्यांतून शब्द, वाक्ये, परिच्छेद उभे करावयाचे, हे त्याचे काम. बोटांनी खिळे जुळवता जुळवता त्याचे डोळे मजकूर वाचू लागले आणि मन भाषेची पारख करू लागले. पुढे थोरला भाऊ ओरायन याने काढलेल्या वृत्तपत्रात तो काम करू लागला व मधूनमधून स्वतःचे विनोदी लेखही छापू लागला.

१८५३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सॅमने गाव सोडले. सेंट लुईस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत तो खिळे जुळविण्याचे काम करीत हिंडला. दिवसभराचे काम आटोपले म्हणजे तो सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसे. शाळेने अर्ध्यावर सोडलेले शिक्षण त्याने अशा रीतीने स्वतःच पुढे चालविले.

परंतु हॅनिबलच्या प्रत्येक मुलाप्रमाणे सॅमच्याही मनात लहानपणापासून एकच स्वप्न होते. ते म्हणजे आगबोटीचा पायलट होण्याचे! नदीच्या पात्रातून बोटीला वाट दाखविणाऱ्या या माणसाचा मान राजासारखा असे. १८५७ साली होरेस बिक्सबी नावाच्या अनुभवी पायलटने त्याला ५०० डॉलर फी ठरवून शागीर्द म्हणून घेतले. हे शिक्षण सोपे नव्हते. सेंट लुईसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या सुमारे १,२०० मैलांच्या प्रवाहातील प्रत्येक वळण, प्रत्येक वाळूचा बांध, पाण्यात दडलेले प्रत्येक झाड त्याला तोंडपाठ करावे लागले. तेही दिवसाचे निराळे आणि काळोख्या रात्रीचे निराळे. शिवाय नदी आपला मार्ग सतत बदलीत असे. त्यामुळे आज पाठ केलेले उद्या विसरावे लागे. दोन वर्षांच्या कष्टांनंतर, १८५९ साली, सॅमला पायलटचा परवाना मिळाला.

या शिक्षणाच्या काळातच त्याच्यावर एक मोठा आघात झाला. त्याने आपला धाकटा भाऊ हेन्री याला पेन्सिल्व्हेनिया नावाच्या आगबोटीवर काम मिळवून दिले होते. सॅम स्वतःही त्याच बोटीवर होता. परंतु तेथील पायलटने हेन्रीवर हात उगारला म्हणून सॅमचे त्याच्याशी भांडण झाले व सॅमला ती बोट सोडावी लागली. थोड्याच दिवसांनी, जून १८५८ मध्ये, मेम्फिस शहराजवळ त्या बोटीचा बाष्पक फुटून भयंकर स्फोट झाला. होरपळलेला हेन्री काही दिवसांतच मरण पावला. त्या वेळी तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आपणच त्याला त्या बोटीवर आणले, ही टोचणी सॅमच्या मनाला जन्मभर लागून राहिली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये देशापासून फुटून निघाली. नदीवरील व्यापार बंद पडला आणि सॅमचा धंदाही बुडाला. दक्षिणेच्या बाजूच्या एका हौशी पथकात तो दोन आठवडे सामील झाला. पण तेथे त्याचे मन रमले नाही. मग भाऊ ओरायनबरोबर घोडागाडीने वाळवंटे व डोंगर ओलांडून तो दूर पश्चिमेकडील नेव्हाडा प्रांतात गेला. तेथे चांदीच्या खाणींतून एका रात्रीत श्रीमंत होण्याची स्वप्ने सारे जण पाहत होते. सॅमनेही कुदळ हाती घेतली. चांदी काही त्याला मिळाली नाही. मात्र खाणकामगारांच्या त्या रांगड्या जगात त्याला लेखणी सापडली. व्हर्जिनिया सिटी येथील एका वृत्तपत्रात तो बातमीदार झाला आणि फेब्रुवारी १८६३ मध्ये त्याने आपल्या लेखाखाली प्रथमच मार्क ट्वेन अशी सही केली.

हे टोपणनाव त्याने नदीवरून आणले होते. पाण्याची खोली मोजण्यासाठी बोटीवरील खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडीत. दोरीवर दोन वाव, म्हणजे बारा फूट, खोलीची खूण लागली की ते मार्क ट्वेन अशी आरोळी देत. पाणी दोन वाव खोल आहे, बोटीला धोका नाही, असा त्या आरोळीचा अर्थ होता. अशा रीतीने सॅम क्लेमेन्सचे मार्क ट्वेन झाले.

१८६५ साली उड्या मारणाऱ्या एका बेडकाची त्यांची गमतीदार कथा न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव देशभर गाजले. १८६७ साली ते बोटीने युरोप व पॅलेस्टाईनच्या यात्रेस गेले. त्या प्रवासावरील त्यांचे विनोदी पुस्तक १८६९ साली निघाले व ते लोकांनी डोक्यावर घेतले. त्याच यात्रेत एका सहप्रवाशाने त्यांना आपल्या बहिणीचे चित्र दाखविले होते. ते चित्र ट्वेन विसरू शकले नाहीत. १८७० साली त्या तरुणीशी, म्हणजे ऑलिव्हिया लँग्डन हिच्याशी, त्यांचा विवाह झाला. ऑलिव्हियाचे वडील श्रीमंत व्यापारी होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. पळून आलेल्या गुलामांना त्यांनी साहाय्य केले होते. या घराच्या सहवासात ट्वेन यांच्या मनावरील जुन्या संस्कारांची पुटे झपाट्याने गळून पडली.

विवाहानंतर हे कुटुंब कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात स्थायिक झाले. पहिला मुलगा अल्पवयातच दगावला. पुढे सूझी, क्लारा व जीन अशा तीन मुली झाल्या. उन्हाळ्यात सर्व जण एल्मायरा गावाजवळील टेकडीवरच्या शेतघरी राहावयास जात. तेथे ट्वेन यांच्यासाठी एक अष्टकोनी खोली बांधली होती. तिच्या चहूबाजूंच्या खिडक्यांतून खालचे खोरे दिसे. त्या एकांतात बसून त्यांनी आपले उत्तम लेखन केले. लिहिलेले सर्व प्रथम पत्नीने वाचावे आणि तिने सुचविलेल्या दुरुस्त्या कराव्यात, असा त्यांचा परिपाठ होता.

१८७६ साली 'टॉम सॉयर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हॅनिबलची गुहा, बेट, शाळा आणि खोडकर मुले या कादंबरीत पुन्हा जिवंत झाली. कुंपणाला सफेती देण्याचे कंटाळवाणे काम टॉम मित्रांच्या गळ्यात मोठ्या युक्तीने घालतो, तो प्रसंग जगातील असंख्य मुलांनी हसत हसत वाचला आहे. त्यानंतर १८८१ साली 'राजपुत्र आणि भिकारी' ही कादंबरी आली. दिसावयास अगदी सारखे असलेले दोन मुलगे, एक राजवाड्यात वाढलेला व दुसरा झोपडीत, आपली वस्त्रे बदलतात आणि मग राजपुत्राला गरिबांचे हाल स्वतःच्या अंगाने भोगावे लागतात, अशी तिची कथा आहे.

परंतु ट्वेन यांची सर्वश्रेष्ठ कृती म्हणजे 'हकलबरी फिन' ही कादंबरी होय. ती १८८४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये व १८८५ च्या आरंभी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. हक हा त्या जुन्या सोबत्याच्या, टॉम ब्लँकनशिपच्या, नमुन्यावर घडविलेला मुलगा आहे. दारुड्या बापाच्या मारहाणीला कंटाळून तो पळतो आणि बेटावर त्याची जिम नावाच्या पळालेल्या गुलामाशी गाठ पडते. दोघेही एका तराफ्यावरून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर जाऊ लागतात. वाटेत जिम हकची पोटच्या मुलाप्रमाणे काळजी घेतो. पण हकला लहानपणापासून शिकविलेले असते, की पळालेल्या गुलामाला मदत करणे म्हणजे चोरी, म्हणजे महापाप, म्हणजे नरकाची वाट. अखेर हक जिमच्या मालकिणीला त्याचा ठावठिकाणा कळविणारे पत्र लिहितो. ते पत्र हातात धरून तो विचार करू लागतो. जिमने रात्री आपल्या वाट्याचा पहारा करून आपल्याला झोपू दिले, हे त्याला आठवते. थरथरत्या हाताने तो पत्र फाडून टाकतो. नरकात जावे लागले तरी चालेल, पण मित्राचा घात करावयाचा नाही, असा निश्चय तो करतो. ज्याला आपण पाप समजतो, तेच खरे पुण्य आहे, हे त्या भोळ्या मुलाला ठाऊक नसते. वाचकाला मात्र ते कळते आणि त्याचे हृदय भरून येते.

ही कादंबरी हक स्वतःच आपल्या गावठी बोलीत सांगतो. त्या काळी पुस्तके प्रौढ, ग्रांथिक भाषेत लिहिण्याची रीत होती. म्हणून काही प्रतिष्ठितांना ती असभ्य वाटली. कॉन्कर्ड गावच्या ग्रंथालयाने १८८५ साली ती आपल्या कपाटातून काढून टाकली. पुढे मात्र अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्यासारख्या मोठ्या लेखकाने आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम याच पुस्तकात आहे, असे मत १९३५ साली मांडले. या कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठी वापरलेला त्या काळचा अपमानकारक शब्द आजच्या वाचकांना खटकतो व ती शाळेत शिकवावी की नाही यावर अमेरिकेत वाद झाले आहेत. हा वाद चालू असतानाही तिच्यातील माणुसकीचा झरा आटलेला नाही.

गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती १८६५ साली. तिचे पडसाद सातासमुद्रांपलीकडे महाराष्ट्रातही उमटले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केला. कायदा बदलला, तरी माणसांची मने तितक्या लवकर बदलली नव्हती. ट्वेन यांचे मत असे होते, की गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीयांचा जो अपराध केला, त्याचे ऋण गोऱ्या समाजाच्या माथी आहे. हे त्यांनी केवळ लिहिले नाही, तर कृतीतही आणले. येल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या वॉर्नर मॅक्‌ग्विन या गरीब कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या जेवणा-राहण्याचा खर्च त्यांनी १८८५ पासून स्वतः उचलला. मॅक्‌ग्विन पुढे नामांकित वकील झाले.

या वेळी ट्वेन कीर्तीच्या व संपत्तीच्या शिखरावर होते. त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट हे कर्करोगाने आजारी व कर्जबाजारी झाले असता त्यांच्या आठवणींचा ग्रंथ ट्वेन यांच्या संस्थेने प्रकाशित केला. ग्रंथ पुरा करून थोड्याच दिवसांत ग्रँट वारले. पण त्या ग्रंथाच्या विक्रीतून त्यांच्या पत्नीला लाखो डॉलर मिळाले.

दुसऱ्याचे घर सावरणाऱ्या ट्वेन यांना स्वतःचा व्यवहार मात्र साधला नाही. जेम्स पेज नावाच्या एका संशोधकाने खिळे आपोआप जुळविणारे यंत्र तयार करण्यास घेतले होते. लहानपणी बोटे काळी करून खिळे जुळविलेल्या ट्वेन यांना त्या यंत्राने मोहिनी घातली. वर्षामागून वर्षे ते त्यात पैसा ओतीत राहिले. त्या यंत्राला सुमारे १८,००० सुटे भाग होते. एक भाग दुरुस्त करावा, तो दुसरा मोडे. तेवढ्यात लायनोटाइप नावाचे दुसरे, अधिक सुटसुटीत यंत्र बाजारात आले व पेजचे यंत्र निरुपयोगी ठरले. ट्वेन यांचे सुमारे दोन लाख डॉलर पाण्यात गेले. एप्रिल १८९४ मध्ये त्यांच्या प्रकाशन संस्थेचेही दिवाळे निघाले. शंभराच्या आसपास घेणेकरी होते आणि देण्याची रक्कम एक लाख डॉलरांच्या घरात होती.

ट्वेन यांचे वय या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. कायद्याचा आधार घेऊन, रुपयास चार-आठ आणे या प्रमाणात तडजोड करून मोकळे होणे त्यांना शक्य होते. दिवाळे निघालेले पुष्कळ व्यापारी तसेच करीत. परंतु ऑलिव्हियाबाईंना ते मान्य नव्हते, आणि ट्वेन यांनाही नव्हते. कायद्याने माणूस सुटतो, पण सदसद्विवेकबुद्धीच्या कचाट्यातून सुटत नाही, अशी दोघांची धारणा होती. प्रत्येक घेणेकऱ्याचे देणे पैन् पै फेडावयाचे, असा निर्धार त्यांनी केला. हेन्री रॉजर्स या धनाढ्य मित्राने त्यांचा विस्कटलेला हिशेब नीट लावून दिला. पण ऋण फेडण्यासाठी त्याच्याकडून दान घेण्याची कल्पना ट्वेन यांनी मनात आणली नाही. त्यांनी व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे ठरविले.

१८९५ च्या जुलैमध्ये हा दौरा सुरू झाला. आरंभीच त्यांच्या पायाला काळपुळी झाली होती. तरीही ते व्यासपीठावर उभे राहून लोकांना हसवीत. सोबत पत्नी आणि मधली मुलगी क्लारा होती. सूझी व जीन मायदेशी राहिल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व सिलोन असा प्रवास करीत जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस पोहोचले. येथील रस्त्यांवरील रंगीबेरंगी वस्त्रे, गर्दी आणि बडबडे कावळे यांनी त्यांना वेड लावले. कावळ्यांवर तर त्यांनी पुढे मोठे गमतीदार लिखाण केले. मुंबईत त्यांची तीन व्याख्याने झाली. तेथून ते पुण्यास व पुढे बडोद्यास गेले. बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राजवाड्यात त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर प्रयाग, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, आग्रा, जयपूर, लाहोर अशी भ्रमंती करून ते भारतातून बाहेर पडले.

मुंबईतच एक लहानसा प्रसंग घडला. ते उतरले होते त्या हॉटेलात एका युरोपियन माणसाने क्षुल्लक कारणावरून एका हिंदी नोकराच्या तोंडात मारली. नोकराने अवाक्षर न काढता ते सहन केले. ते दृश्य पाहताच ट्वेन यांचे मन क्षणार्धात पन्नास वर्षे मागे आणि हजारो मैल दूर, हॅनिबल गावात जाऊन पोहोचले. लहानपणी गुलामांना अशीच मारहाण होताना त्यांनी पाहिले होते; एका गुलामाला तर किरकोळ चुकीसाठी मालकाने ठार मारलेलेही त्यांच्या डोळ्यांदेखत घडले होते. देश निराळा, भाषा निराळी. परंतु दुर्बळाच्या मुखावरील ते मुके दुःख एकच होते. ही आठवण त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात प्रांजळपणे नमूद करून ठेवली आहे. आपल्या घरच्या दोषावर पांघरूण घालून दुसऱ्याचे दोष दाखविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

भारतातून दक्षिण आफ्रिकेमार्गे ते १८९६ च्या जुलैमध्ये इंग्लंडला पोहोचले. दौरा यशस्वी झाला होता. आता मुली येऊन मिळतील आणि सारे कुटुंब एकत्र होईल, या आनंदात सर्व होते. इतक्यात सूझी आजारी असल्याची वार्ता आली. ऑलिव्हियाबाई व क्लारा तातडीने बोटीने निघाल्या. पण त्या समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, चोवीस वर्षांच्या सूझीचा मेंदूच्या आवरणाच्या दाहाने मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये एकट्या असलेल्या पित्याच्या हाती ती तार पडली. सूझी त्यांची अत्यंत लाडकी मुलगी होती. वयाच्या तेराव्या वर्षी तिने आपल्या वडिलांचे चरित्र लिहावयास घेतले होते!

एखादा सामान्य माणूस या दुःखाने कोलमडून पडला असता. ट्वेन यांनी मात्र स्वतःला लेखनात बुडवून घेतले. डोळ्यांत अश्रू असताना त्यांनी त्या प्रवासावरील पुस्तक लिहून पुरे केले. ते १८९७ साली प्रसिद्ध झाले. व्याख्यानांचे व पुस्तकांचे उत्पन्न एकत्र करून, १८९८ च्या आरंभी त्यांनी शेवटच्या घेणेकऱ्याचे शेवटचे नाणे चुकते केले. चार वर्षांपूर्वी घेतलेला संकल्प पूर्ण झाला. १९०० साली ते मायदेशी परतले, तेव्हा एखाद्या विजयी सेनापतीचे व्हावे तसे त्यांचे स्वागत झाले. त्यांच्या विनोदावर लोकांचे प्रेम होतेच. आता त्यांच्या सचोटीबद्दल आदरही वाटू लागला.

उत्तरायुष्यात त्यांच्या लेखणीला अधिकच धार चढली. अमेरिकेने फिलिपाइन्स बेटांवर सत्ता लादली, तेव्हा त्यांनी आपल्याच सरकारला निर्भयपणे दोष दिला. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने आफ्रिकेतील काँगो प्रदेशात चालविलेल्या अत्याचारांवर त्यांनी १९०५ साली एक जळजळीत पुस्तिका लिहिली. १९०७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपून शाळेला मुकलेल्या मुलाचा तो गौरव होता.

तथापि घर मात्र रिते होत चालले होते. १९०४ साली ऑलिव्हियाबाई इटलीत वारल्या. १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी धाकटी मुलगी जीनही गेली. आपण हॅलेच्या धूमकेतूबरोबर आलो आणि आता त्याच्याबरोबरच जाणार, असे ट्वेन सर्वांना सांगत असत. पंचाहत्तर वर्षांच्या भ्रमणानंतर तो धूमकेतू एप्रिल १९१० मध्ये सूर्याजवळ परत आला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिल १९१० रोजी, कनेटिकट राज्यातील रेडिंग येथील घरी मार्क ट्वेन यांनी देह ठेवला. एल्मायरा येथे पत्नी व मुलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

मार्क ट्वेन यांचे विनोद वाचून आपण हसतो. पण त्यांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की या माणसाने आपल्या माथ्यावरचे कोणतेही ऋण नाकारले नाही. कायद्याने सूट दिली असतानाही पैशाचे ऋण त्यांनी कष्टाने फेडले. आणि ज्या अन्यायी समाजात आपण वाढलो, त्याच्या पापाचे ऋण त्यांनी लेखणीने फेडण्याचा जन्मभर यत्न केला. आईपासून तुटलेल्या सँडीचे गाणे, शेकोटीजवळच्या डॅनियलच्या गोष्टी आणि गावाने टाकलेल्या टॉमची मैत्री, यांपैकी कशाचाही त्यांना विसर पडला नाही. म्हणूनच मिसिसिपीच्या पात्रावरील हक आणि जिम यांचा तो लहानसा तराफा आजही जगातील वाचकांच्या मनातून वाहत आहे.